हुपरीकर वकिलांची साक्ष

“हा लेख आपलाच ना, हुपरीकरसाहेब?”

वनखात्याच्या बाजूनं बोलणाऱ्या देशमानेबाईंनी झेरॉक्सचे कागद टेबलावर ठेवले आणि हलक्या हातानं पुढं सरकवले. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. उलट थोडा आदरच होता. हुपरीकर वकिलांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. कागदांकडे मात्र पाहिलं नाही.

“माझाच,” ते म्हणाले.

माझ्या शेजारी आबा बसले होते, माझे वडील. पटका मांडीवर, काठी भिंतीला टेकवलेली. ‘लेख’ हा शब्द कानावर पडताच त्यांचा चेहरा उजळला. मला कोपरानं ढोसून ते हळूच म्हणाले, “आपलं गाणं गं, सगुणा. पुण्यात छापल्यालं.”

मी त्यांना गप्प बसायची खूण केली.

आम्ही गवळी-धनगर. तांबजाईच्या सड्यावर आमचा वाडा होता. वाडा म्हणजे वस्ती. कारवीच्या कुडाची दहा-बारा घरं, मागं म्हशींचे गोठे आणि पुढं नजर पोचेल तिथवर जांभ्या दगडाचं पठार, म्हणजेच सडा. तूप आणि खवा खाली बाजाराला न्यायचा, येताना धान्य आणायचं. वाड्यातली मी पहिली शिकलेली मुलगी. खालच्या गावात शाळेवर होते आणि शनिवारी दुपारी डोंगर चढून घरी यायची.

अशाच एका शनिवारी अंगणात परका माणूस बसलेला दिसला. पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, मोज्यांवर जळवांचं रक्त, हातात ताकाचा तांब्या. आबा सांगत होते आणि तो माणूस मान खाली घालून ऐकत होता.

“हे तालुक्याचे हुपरीकर वकील,” आबा म्हणाले.

मी घाबरले. “कसली केस झाली?”

“केस न्हाई. त्यास्नी म्हशीच्या कानावरच्या खुणा बगायच्यात.”

वकील मोठ्यानं हसले. मग खरंच उठून गोठ्यात गेले आणि अंधार पडेपर्यंत तिथंच होते.

वाटण्या, बांध, हद्दी अशा दाव्यांत त्यांचं नाव होतं. कोर्टाला सुट्टी लागली की ते डोंगर धरायचे. कुठल्या कुळाचा देव कुठं बसतो, बाळंतिणीच्या खोलीत काय टांगतात, खवा आटवताना पहिली कढई कुणाच्या नावानं ठेवतात, असलं सगळं विचारायचे. त्यांच्या बाररूममधले लोक त्यांना ‘रेडेवकील’ म्हणायचे, हे त्यांनीच आम्हाला हसत सांगितलं होतं. तालुक्यात बहुतेकांना त्यांचं हे दुसरं काम ठाऊकच नव्हतं.

“हे करून तुम्हाला काय मिळतं साहेब?” मी एकदा विचारलं होतं.

“कोर्टात माणसं दिवसभर मला त्यांच्या सोयीचं सांगतात,” ते म्हणाले. “इथं सोयीचं कुणी सांगत नाही.”

त्यांचा सगळ्यात जीव जडला तो आबांच्या ‘वाटे’वर.

आमच्यात असं मानतात की मेलेलं माणूस घुमटाच्या डोंगरावर जातं. हा डोंगर नदीपलीकडं, आमचं मूळ ठिकाण. पितरपाखात पितरांना तिथून जेवायला बोलवायचं. पण वाट सांगितल्याशिवाय ते येणार कसे? म्हणून नैवेद्यापुढं बसून एकानं सगळी वाट म्हणायची. कुठल्या झऱ्यावर पाणी प्यायचं, कुठली खिंड चढायची, नदीला उतार कुठं आहे. प्रत्येक टप्प्यावर एका पूर्वजाचं नाव. वाड्यात ही वाट फक्त आबांना येत होती. त्यातल्या एका जागी त्यांचा आवाज दरवेळी चिरायचा.

*ऊठ रं बिरू बाबा, घोंगडी झाड,*
*बसली म्हस काय उठंना झाली,*
*बुळकांडीनं दावण रिती केली,*
*सोड आता दावं, खिंड धर.*

बिरू म्हणजे आबांचा आजा. बुळकांडीच्या साथीत म्हशी मेल्या, तेव्हा उरलेली चार जनावरं घेऊन त्यानं घुमट सोडला आणि आमच्या सड्यावर येऊन चूल मांडली.

हुपरीकर दर पितरपाखात येऊन वाट ऐकायचे. मग एका उन्हाळ्यात आबांना बरोबर घेऊन ती सगळी पायी चालले. झरे तिथंच होते, खिंडही तीच. जुन्या सरकारी नोंदींतून त्यांनी बुळकांडीच्या साथीचं साल शोधून काढलं. मग पुण्याच्या एका संशोधन त्रैमासिकात त्यावर लेख लिहिला आणि तो घेऊन ते वर आले. अंगणात बसून त्यांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. बायका धारा अर्ध्यावर टाकून ऐकायला आल्या. एका वाक्यापाशी आबांनी त्यांना थांबवलं.

“त्ये परत वाचा सायेब.”

त्यांनी वाचलं, “‘निरनिराळ्या वर्षी ऐकलेल्या या वाटेत एकही नाव बदललेलं आढळलं नाही.’”

“न्हाईच बदलायचं,” आबा म्हणाले. “नाव चुकलं तर त्यो पितर वाटंतच उपाशी ऱ्हातो.”

पुढं कितीतरी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायचे, आमचं गाणं पुण्यात छापलंय.

मग आमचं रान अभयारण्यात गेलं. वस्ती उठवायची नोटीस आली. कायद्यात एक वाट होती. जंगलात राहणाऱ्यांना हक्क मागता येत होता. पण आम्ही आदिवासींत मोडत नाही, आणि आमच्यासारख्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागायचा. आमच्याकडं कागद एकही नव्हता. म्हातारी माणसं आणि कुणी जाणकार येऊन सांगतील तेवढाच पुरावा.

“हुपरीकर सायेब हाईत न्हवं,” आबा म्हणाले. “त्येंच्याएवढं आपलं कुणाला ठावं हाय?”

आम्ही त्यांच्या घरी गेलो. खोलीभर पुस्तकं, आणि भिंतीला आबांनीच दिलेली काळी घोंगडी. आमचं ऐकून झाल्यावर ते उठून त्या घोंगडीपाशी गेले.

“लक्षूबाबा, मला साक्षीला बोलावू नका,” ते आबांना म्हणाले. “दुसरं कुणी बघा.”

“दुसरं कोन? तुमी आमचं समदं लिवलंय.”

“लिहिलंय, म्हणूनच म्हणतो.”

आबांना ते कळलं नाही. मलाही नाही. मला वाटलं, वय झालं, आता त्यांना दगदग नको असेल. आबा हटेनात. पटका काढून त्यांच्यापुढं ठेवायला लागले, तेव्हा हुपरीकरांनी घाईनं त्यांचे हात धरले.

“बरं, येतो. पण मी फक्त देवाच्या ठाण्यांबद्दल आणि चराईबद्दल बोलेन. पुढचं नशीब.”

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी, एका लांबट हॉलमध्ये होती. समोर समिती, मधोमध अध्यक्षसाहेब. वाड्यातल्या म्हाताऱ्यांचे जबाब आधीच होऊन गेले होते. आबांचाही झाला होता. त्यांना विचारलं होतं, तुमचा जन्म कुठला? त्यांनी सांगितलं, सड्यावरचा. तुमच्या बापानं हयात कुठं काढली? सड्यावरच. त्यापुढं त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

हुपरीकर छान बोलले. सड्यावरच्या एकेका पाणवठ्याचं नाव सांगितलं, कुठलं चराऊ रान कुणी कधी राखायचं ते सांगितलं. अध्यक्षसाहेब मान हलवत टिपून घेत होते. मला वाटायला लागलं की होणार, आपलं काम होणार. तेवढ्यात देशमानेबाई उठल्या आणि त्यांनी तो लेख पुढं केला.

“यात आपण लिहिलंय,” त्या म्हणाल्या, “की ही वस्ती बुळकांडीच्या साथीनंतर नदीपलीकडच्या डोंगरावरून इथं आली. साथीचं सालही दिलंय. त्या हिशेबानं पंचाहत्तर वर्षं भरत नाहीत. पंधराएक वर्षं कमी पडतात. बरोबर?”

ते साक्षीला यायला का तयार नव्हते, हे मला तेव्हा उमगलं.

हुपरीकर उभेच होते. त्यांनी एकदा खिडकीकडं पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले. “लेख चुकीचा आहे.”

“म्हणजे?” अध्यक्षसाहेबांनी विचारलं.

“निष्कर्ष चुकला माझा. मी एका माणसाच्या गाण्यावर विसंबलो. अशा गाण्यांत नावं मागंपुढं होतात. म्हणणाऱ्याला आठवतं तसं तो जोडत जातो. त्याला पुरावा म्हणता येत नाही.”

देशमानेबाई गोंधळल्या. त्यांनी पानं उलटली. “पण आपणच लिहिलंय की एकही नाव बदललेलं आढळलं नाही.”

“उत्साहात लिहिलं. मी वकील माणूस. संशोधन हा माझा प्रांत नव्हे. तेव्हा हौस होती, समज नव्हती.”

हे त्यांनी अगदी सपाट आवाजात सांगितलं. त्यांच्या आयुष्यात त्यांना अभिमान वाटावा असं हेच एक काम होतं, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. ते आमच्यासाठी ते काम स्वतःच्या हातानं पुसत होते. मी आबांकडं वळले, त्यांना खुणेनं सांगावं म्हणून की बघा, साहेब काय करतायत.

आबांच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला होता. ते ओठ हलवत एकेक शब्द पुन्हा जुळवत होते.

“सगुणा, कुणाचं गाणं म्हणाले?”

“आबा, गप्प बसा. नंतर सांगते.”

“माजं?”

“आबा, बसा हो.”

ते उठलेच. मी सदऱ्याची बाही धरली, ती त्यांनी सोडवून घेतली.

“सायेब,” ते थेट हुपरीकरांना म्हणाले, “माजं गाणं खोटं?”

“लक्षूबाबा, खाली बसा,” हुपरीकरांचा आवाज पहिल्यांदाच हलला. “मी जे बोलतोय ते तुमच्यासाठी बोलतोय.”

“माज्या आज्याचं नाव खोटं?”

“अध्यक्षसाहेब, यांचा जबाब झालेला आहे,” हुपरीकर घाईनं म्हणाले. “आता यांना बोलू देणं योग्य होणार नाही.”

अध्यक्षसाहेब भला माणूस होता. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला बोलू द्यावं. “असू द्या,” ते म्हणाले. “आजोबा, तुम्हाला काय सांगायचंय ते सांगा. घाबरू नका.”

आबांनी पटका डोक्याला गुंडाळला. उघड्या डोक्यानं वाट म्हणत नाहीत. मग त्या हॉलमध्ये, टेबलं आणि पंख्यांमध्ये उभं राहून, पुढं नैवेद्य नसताना, त्यांनी पहिल्या झऱ्यापासून वाट म्हणायला सुरुवात केली. टाइप करणारी मुलगी थांबली. कुणी त्यांना अडवलं नाही. हुपरीकर खुर्चीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बुळकांडीच्या ओळीला आबांचा आवाज नेहमीसारखाच चिरला. मग खिंड आली, नदीचा उतार आला, आणि शेवटी सडा.

“आमचा आजा घुमटावरनं आला,” वाट संपल्यावर आबा म्हणाले. “म्हसरं मेली म्हणून आला. माज्या बापाला तवा मिसरूड फुटत हुतं. ह्यातलं एक नाव जरी खोटं निगालं तरी माजी जीभ झडू दे. वकीलसायबानी लिवलं त्ये खरं लिवलंय. आज कशापायी असं बोलले, त्ये त्येंचं त्येस्नी ठावं.”

देशमानेबाईंनी मान खाली घातली होती. अध्यक्षसाहेबांनी मोठा श्वास घेतला आणि टाइप करणाऱ्या मुलीला सांगितलं, “हे घ्या लिहून.”

बाहेर व्हरांड्यात आल्यावर माझा तोल सुटला.

“आबा, तुम्ही काय केलंत कळतंय का तुम्हाला? साहेब आपल्याला वाचवत होते.”

“कळलं मला.”

“कधी कळलं?”

“उभा ऱ्हायलो तवाच.”

“मग?”

“मग काय? पितरं खोटी पाडायची आन् त्येंच्याच जाग्यावर ऱ्हायचं?”

हुपरीकर जिन्यापाशी उभे होते. आबा त्यांच्या अंगावरून गेले, पण त्यांच्याकडं बघितलं नाही. हुपरीकरांनी हात पुढं केला होता. तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग त्यांनी कठडा धरला.

दावा फेटाळला गेला. निकालात असंही होतं की जाणकार साक्षीदारानं स्वतःचंच लिखाण नाकारल्यामुळं त्याच्या चराईच्या आणि ठाण्यांच्या माहितीवरही भरवसा ठेवता येत नाही. पुढं ती गोष्ट पुण्यापर्यंत गेली. त्रैमासिकानं पुढच्या अंकात चार ओळी छापल्या, की लेखकानं अमुक लेखातले निष्कर्ष मागं घेतले आहेत. हुपरीकरांचं गवळ्यांवरचं पुस्तक तिथंच छपाईला जाणार होतं. ते परत आलं. बाररूममध्ये त्यावरही हसले असतील.

पावसाळ्याआधी आम्हाला खाली आणलं. डांबरी रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची वसाहत होती. तिन्ही बाजूंनी उसाची शेतं, दुसऱ्यांची. म्हशी चारायला कुठं न्यायच्या? जनावर उसात शिरलं की भांडण. एकेक करत म्हशी विकल्या गेल्या. पोरं साखर कारखान्यावर, हॉटेलांत कामाला लागली. आबा दारात खुर्ची टाकून बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघायचे, पण त्या त्यांना दिसत असतील असं वाटायचं नाही. पितरपाख आला, तेव्हा त्यांनी नैवेद्य ठेवला आणि वाट न म्हणताच उठले.

दिवाळीनंतर हुपरीकर आले. एस.टी.नं आले होते, खूप वाळले होते. आबांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसले. दोघं कितीतरी वेळ रस्त्याकडं बघत राहिले.

“लक्षूबाबा, मला तसं म्हणायचं नव्हतं,” हुपरीकर म्हणाले.

“म्हायती हाय.”

“तुमची जागा वाचावी एवढंच होतं मनात.”

“म्हायती हाय, सायेब. म्हणून तर जास्त लागलं. वैऱ्यानं म्हटलं असतं तर म्या हसलो असतो.”

मग हुपरीकरांनी चाचरत विचारलं, “यंदा वाट म्हटली नाही, असं सगुणा म्हणत होती.”

“कुठवर म्हणू? सड्यापतूर आणीन त्यास्नी. तितं आता जेवाया घालाया कोन हाय?”

“मग पुढची जोडा,” हुपरीकर खुर्चीत पुढं सरकले. त्यांच्या आवाजात जुनी धग आल्यासारखी वाटली. “सड्यापासून इथवरची. तुमच्या आज्यानं घुमटापासून जोडली होती, तशीच. गाणी अशीच वाढतात, लक्षूबाबा. मोडत नाहीत.”

आबांनी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याकडं सरळ बघितलं.

“माजा आजा म्हसरांमागनं चालत आला. जितं पानी प्याला, त्यो झरा गाण्यात आला. जितं बसला, ती खिंड गाण्यात आली. आमास्नी टेंपोत घातलं आन् वरनं ताडपत्री वडली. वाट बगितली कुनी?”

“मी येतो तुमच्याबरोबर,” हुपरीकर म्हणाले. “आपण दोघं वर जाऊ आणि तिथून इथवर चालत येऊ. हळूहळू, जमेल तसं. तुम्ही म्हणा, मी लिहून घेतो.”

“तुमी लिवल्यालं तुमीच खोटं म्हणता, सायेब,” आबा म्हणाले.

आवाजात राग नव्हता. रागानं म्हणाले असते तर हुपरीकरांना काही बोलता आलं असतं. आबांनी आत बघून मला हाक मारली, “सगुणा, च्या टाक सायबास्नी.”

चहा झाला. कोरा. मी हुपरीकरांना थांब्यापर्यंत सोडायला गेले. वाटेत ते एकच बोलले. “लक्षूबाबा खोटं बोलले असते तर मी त्यांच्यावर लेख लिहिलाच नसता.” एस.टी. आली, ती उभी राहायच्या आतच ते दांडीला धरून चढले. त्यानंतर ते आमच्याकडं आले नाहीत. त्यांच्या आजारपणात बायकोनं त्यांची सगळी टिपणं आणि कागद कुठल्याशा कॉलेजला देऊन टाकले. तिथं मी एकदा चौकशी केली. तळघरात पाणी शिरलं तेव्हा काय वाचलं आणि काय गेलं, कुणाला सांगता आलं नाही.

आबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. शेवटचे काही दिवस ते बोलत नव्हते. मी उशाशी बसून त्यांना म्हटलं होतं, “आबा, मला शिकवा वाट. मी म्हणेन.” त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही.

त्या वर्षीच्या पितरपाखात माझ्या धाकट्या भावानं नैवेद्य ठेवला. त्याला वाट येत नव्हती. मला बुळकांडीच्या ओळीपर्यंत येत होती, पण तिथवर आणून त्यांना सोडायचं म्हणजे मेलेल्या म्हशींपाशीच बसवून ठेवायचं. म्हणून मीही काही म्हटलं नाही. आम्ही हात जोडले आणि मागं सरकलो.

कावळा लगेच शिवला. वसाहतीच्या मागं उकिरडा आहे, तिथं कावळे पुष्कळ.